आयुर्विमा : गरजेचे परिमाण आणि गृहस्थाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी या संस्थेची पायाभरणी केली, त्यांपैकी अनेक जण आज आपल्यात नाहीत. परंतु त्यांनी घालून दिलेली घडी मोडलेली नाही. संस्थेला घटना होती, हिशेबाच्या वह्या होत्या, विश्वस्तांची रीतसर नेमणूक होती, म्हणून माणसे गेली तरी कार्य चालू राहिले. संस्थेच्या बाबतीत जी दूरदृष्टी आपला समाज सहज दाखवतो, तीच आपण आपल्या घराच्या बाबतीत दाखवतो काय, हा प्रश्न आजच्या मंगल प्रसंगी आपणांसमोर ठेवावा असे मला वाटते. विषय आहे तरुण कुटुंबाने आयुर्विम्याची निवड कशी करावी. विषय थोडा रुक्ष आहे आणि अप्रियही आहे, कारण त्यात मृत्यूचा उल्लेख टाळता येत नाही. परंतु बारा भावनांमध्ये पहिलीच अनित्य भावना सांगणाऱ्या समाजाला हा उल्लेख अशुभ वाटण्याचे कारण नाही.

गाठींचा विमा आणि कर्त्याचा विमा

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. एकोणिसाव्या शतकात तर कापसाच्या एका नामांकित जातीला हिंगणघाटचेच नाव मिळाले होते. आजही हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी, देवळी या भागांत कापूस, सरकी, धान्य, किराणा, कापड आणि सराफी या व्यवसायांत आपली अनेक कुटुंबे आहेत. जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठी रचल्या की मालक सर्वप्रथम आगीचा विमा उतरवतो. वैशाखातल्या उन्हात एक ठिणगी काय करू शकते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. वर्ष संपते, आग लागत नाही, आणि भरलेला हप्ता परत मिळत नाही. तरीही ‘पैसे बुडाले’ असे तो म्हणत नाही. उलट आग लागली नाही म्हणून समाधान मानतो आणि पुढच्या वर्षीचा हप्ता भरतो.

हाच व्यापारी स्वतःच्या आयुर्विम्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न विचारतो, ‘शेवटी परत किती मिळणार?’ गाठींच्या बाबतीत ज्याला संरक्षणाची किंमत कळते, त्याला स्वतःच्या बाबतीत ती कळेनाशी होते. गाठी जळाल्या तर नव्या भरता येतात, कारण भरणारा शाबूत असतो. भरणाराच गेला तर? तीस वर्षांचा मुलगा, सत्तावीस वर्षांची सून आणि तीन वर्षांचे नातवंड अशा घरात सर्वांत मोठी मिळकत म्हणजे त्या मुलाची पुढील तीस वर्षांची कमाई. ती कोणत्याही तिजोरीत दिसत नाही, म्हणून तिचा विमा राहून जातो.

पूर्वी एकत्र कुटुंब हाच आपला विमा होता. एक भाऊ गेला तर दुसऱ्या भावांच्या ताटातले वाटून घर चालत असे. आज मुले पुण्याला, नागपूरला, हैदराबादला किंवा परदेशी आहेत. दुकाने विभागली आहेत. भावाभावांचे प्रेम कायम असले तरी चुली वेगळ्या आहेत. पूर्वी जो भार दहा खांद्यांवर होता, तो एका खांद्यावर आला आहे.

थोडा इतिहास

विम्याचे शास्त्र तर्कावर किंवा ज्योतिषावर उभे नाही, मोजणीवर उभे आहे. एक माणूस केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु एकाच वयाच्या हजारो माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील, हे नोंदींवरून काढता येते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून असे कोष्टक प्रसिद्ध केले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकांनी आपल्या विधवा व अनाथ मुलांसाठी निधी उभारला, तो अशाच गणिताच्या आधारे. म्हणजे आधुनिक विम्याच्या प्रारंभीच्या प्रयोगांपैकी एक प्रयोग धर्मकार्य करणाऱ्यांच्या तरुण कुटुंबांसाठी होता.

भारतात १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल ही आयुर्विमा कंपनी निघाली. त्या काळात विमा मुख्यतः युरोपीयांचा होता. भारतीयाचा विमा उतरवलाच तर त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ या संस्थेने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास सुरुवात केली. १८८४ साली टपाल खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी टपाल जीवन विमा सुरू केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, २४५ कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्यांचा कारभार सरकारने हाती घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. आज निवडीला मोठा वाव आहे, म्हणूनच गोंधळालाही वाव आहे.

गांधीजींची पॉलिसी आणि त्यांचा आक्षेप

विम्याच्या बाजूने बोलताना त्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप टाळून चालणार नाही. आणि तो आक्षेप घेणारी व्यक्ती आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिलेल्या महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या विमा पॉलिसीची हकिकत सांगितली आहे.

१९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून परतलेले बॅरिस्टर गांधी १९०२ साली मुंबईत वकिलीचा जम बसवत होते. वय तिशीच्या पुढे, पदरी पत्नी आणि चार मुलगे. त्यांचे मार्गदर्शक श्रीमद् राजचंद्र यांचा देहान्त त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी झाला होता. अशा वेळी एक अमेरिकन विमा प्रतिनिधी त्यांच्याकडे आला आणि जुन्या स्नेह्यासारखा त्यांच्या भवितव्याची काळजी करू लागला. तोपर्यंत विमा म्हणजे भीती आणि ईश्वरावरील अश्रद्धा असे मानणारे गांधीजी या वेळी विचारात पडले. पत्नीचे बहुतेक दागिने गेलेले. आपले काही बरेवाईट झाले तर सारा भार पितृतुल्य वडीलबंधूंवर पडणार. त्यांनी १०,००० रुपयांची पॉलिसी घेतली.

दक्षिण आफ्रिकेत परतल्यावर मात्र त्यांचे विचार पालटले. विमा उतरवून आपण पत्नी व मुलांचे स्वावलंबनच हिरावून घेतले, जगातील असंख्य गरिबांची कुटुंबे जशी जगतात तशी आपली का जगू नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. श्रीमद् राजचंद्रांचे भागीदार रेवाशंकरभाई यांना पत्र लिहून त्यांनी पॉलिसी सोडून देण्यास कळवले. परत मिळेल ते घ्यावे, न मिळाल्यास भरलेले हप्ते गेले असे समजावे.

या हकिकतीपुढे आपण नम्र व्हावे; परंतु तिचा अर्थ नीट लावावा. गांधीजी त्या वेळी ज्या मार्गाला लागले होते, तो सर्वस्व सोडण्याचा मार्ग होता. आपल्या परंपरेत साधूंसाठी महाव्रते आणि श्रावकांसाठी अणुव्रते असा विवेक केलेला आहे. साधू परिग्रह पूर्णतः सोडतो. श्रावक परिग्रहाचे परिमाण ठरवतो. ज्याने घर मांडले, मूल जन्माला घातले, बँकेच्या कर्जावर सही केली, त्याने आपल्या मागे राहणाऱ्यांची व्यवस्था इतरांवर सोपवून द्यावी, असे गृहस्थधर्म सांगत नाही. मात्र गांधीजींच्या आक्षेपातून दोन गोष्टी आपण अवश्य घ्याव्यात. पहिली, विमा हौस, लोभ किंवा भीड म्हणून न घेता मोजून घ्यावा. दुसरी, विम्याने कुटुंब परावलंबी होता कामा नये. या दोन सूत्रांवरच माझे पुढील निवेदन आधारलेले आहे.

परिमाण कसे ठरवावे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, हिंगणघाटला तीस वर्षांचा एक दुकानदार आहे. पत्नी व एक लहान मूल. घरखर्च दरमहा ३०,००० रुपये; त्यातील ६,००० त्याचा स्वतःचा खर्च. म्हणजे त्याच्या पश्चात घराला दरमहा २४,००० रुपये, वर्षाला २ लाख ८८ हजार रुपये लागतील. ठेवीवरील व्याज साधारणतः महागाईत जाते असे धरले, तर पंचवीस वर्षांसाठी आजच्या भावाने ७२ लाख रुपये हवेत. दुकानाचे व घराचे कर्ज १५ लाख. मुलाच्या उच्च शिक्षणासाठी आजच्या भावाने १५ लाख. एकूण १ कोटी २ लाख. यातून आजवरची ठेव व जुन्या पॉलिसीचे संरक्षण असे ७ लाख वजा केले तर ९५ लाख उरतात. म्हणजे सुमारे एक कोटीचा विमा ही त्या घराची गरज आहे. आकडा ऐकून कोणी दचकू नये. हा ऐश्वर्याचा आकडा नाही. आज ज्या साधेपणाने ते घर चालते, त्याच साधेपणाने ते पुढे चालावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

घरी गेल्यावर प्रत्येकाने हाच हिशेब एका कागदावर मांडावा: घराचा खर्च किती वर्षे, डोक्यावरील कर्ज, मुलांचे शिक्षण, आणि त्यातून हाती असलेली रक्कम वजा. नवे मूल, नवे कर्ज, नवे घर अशा प्रत्येक प्रसंगी तो कागद पुन्हा काढावा.

कोणता विमा घ्यावा?

बाजारात पॉलिसींची नावे शेकड्यांनी असली तरी प्रकार मोजकेच आहेत. पहिला निव्वळ मुदत विमा, ज्याला सर्व जण टर्म प्लॅन म्हणतात. मुदतीत विमाधारक गेला तर कुटुंबाला ठरलेली रक्कम मिळते. मुदत सुखरूप पार पडली तर काही मिळत नाही. गाठींच्या आगीच्या विम्याचाच हा भाऊ. दुसरा प्रकार एंडोमेंट व मनी-बॅक, ज्यांत विमा आणि बचत एकत्र असते. तिसरा युलिप, ज्यात विमा आणि बाजारातील गुंतवणूक एकत्र असते व पैसे पाच वर्षे काढता येत नाहीत.

आता ढोबळ आकडे पाहू. वय, आरोग्य, मुदत आणि कंपनी यांनुसार ते बदलतात. तंबाखू न खाणाऱ्या तिशीतील निरोगी पुरुषाला साठाव्या वर्षापर्यंतच्या एक कोटीच्या मुदत विम्यासाठी वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजार रुपये पडतात. तेवढ्याच रकमेची पंचवीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घ्यावयाची तर वर्षाला साडेतीन-चार लाख रुपये लागतील. लहान दुकानदाराला ते शक्यच नाही. मग तो काय करतो? पंधरा हजारच भरतो आणि साडेतीन-चार लाखांचे संरक्षण घेऊन ‘माझा विमा आहे’ या समाधानात राहतो. आपल्या उदाहरणातील घराला महिना २४,००० रुपये लागतात. चार लाख रुपये त्या घराला जेमतेम सोळा-सतरा महिने पुरतील. त्यानंतर मूल पाच वर्षांचेही झालेले नसेल.

बचतीची पॉलिसी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या हाती पैसा टिकत नाही, त्याला ती सक्तीची शिस्त लावते, आणि साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास परतावाही देते. परंतु क्रम चुकवू नये. आधी पुरेसे संरक्षण, मग बचत. बचतीसाठी भविष्य निर्वाह निधीचे पीपीएफ खाते आहे, दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे, आवर्ती ठेव आहे. दोन कामांसाठी दोन साधने ठेवली की दोन्हींचा हिशेब स्वच्छ राहतो.

मुदत किती असावी? मुले स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा साठीपर्यंत. पंच्याऐंशी किंवा नव्याण्णव वर्षांपर्यंतच्या संरक्षणासाठी जादा हप्ता भरण्याची सामान्य गृहस्थाला गरज नसते. करसवलत हेही विमा घेण्याचे कारण असू नये. नव्या करप्रणालीत तर हप्त्याची ती वजावट मिळतच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मात्र वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. त्यापूर्वी मुदत विम्यावर तो १८ टक्के होता. हा लाभ तरुण कुटुंबांनी ध्यानात घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्याकडे कित्येक पॉलिसी भिडेखातर घेतल्या जातात. विमा प्रतिनिधी आपलाच मेहुणा, आपल्याच मंदिरातला किंवा स्थानकातला स्नेही; मार्च महिना आला, त्याला नाही कसे म्हणावे? नाते जरूर जपावे, त्याच्याकडूनच विमा घ्यावा. परंतु आपल्या गरजेचा कागद त्याच्यापुढे ठेवून घ्यावा. चांगला प्रतिनिधी त्याने आनंदितच होईल. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचावी. पसंत नसल्यास ३० दिवसांच्या आत परत करता येते, अशी तरतूद २०२४ पासून सर्व पॉलिसींना लागू आहे.

विमा कोणाचा?

ज्याच्या कमाईवर घर चालते, त्याचा विमा आधी. तान्ह्या बाळाच्या आयुष्यावर मोठी पॉलिसी आणि बापाचा विमा नावापुरता, हे चित्र अनेक घरांत आढळते. बाळाचे खरे संरक्षण बापाच्या विम्यात आहे. पत्नी नोकरी किंवा व्यवसाय करत असेल तर तिचाही विमा तितकाच आवश्यक. ती गृहिणी असेल तरी तिच्या श्रमाला मोल आहे, हे विसरू नये.

या निमित्ताने आपल्या दुकानातील मुनीम, दिवाणजी, हमाल आणि घरकामाच्या ताई यांचाही विचार व्हावा, अशी विनंती करतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना २०१५ साली सुरू झाली. १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराला बँक किंवा टपाल कार्यालयातून तीत भाग घेता येतो. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे आयुर्विमा संरक्षण मिळते. आणि सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ग्रामीण भागासाठी १९९५ पासून ग्रामीण टपाल जीवन विमाही आहे. आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा हा हप्ता मालकाने भरला, तर अनुकंपेचे ते अगदी सोपे रूप ठरेल.

सत्यकथन

विम्याचा करार परस्परविश्वासाचा आहे. प्रस्ताव-पत्रात विचारलेली प्रत्येक गोष्ट खरी लिहावी. रक्तदाब, मधुमेह, झालेली शस्त्रक्रिया, वडिलांचा हृदयविकार, पूर्वीच्या पॉलिसी, काहीही लपवू नये. आपल्या विदर्भात खऱ्र्याची सवय किती पसरली आहे, हे सांगावयास नको. तंबाखू खाणाऱ्याला हप्ता जास्त पडतो, म्हणून ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. त्या एका असत्याचे फळ तरुण विधवेला भोगावे लागते. २०१५ साली सुधारलेल्या कायद्यानुसार तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत लपवलेल्या माहितीवरून किंवा फसवणुकीवरून दावा नाकारला जाऊ शकतो. वैद्यकीय तपासणी टाळू नये, उलट ती मागून घ्यावी. अर्ज दुसऱ्याने भरला असला तरी सही आपली असते, म्हणून वाचल्यावाचून सही करू नये.

हप्ता वेळेवर भरावा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची व मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर पॉलिसी बंद पडते आणि पुन्हा सुरू करताना आरोग्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

व्यापारी कुटुंबांसाठी विशेष

आता जे सांगतो, ते आपल्यासारख्या व्यापारी समाजाने अधिक लक्षपूर्वक ऐकावे. आपल्यापैकी अनेकांची कॅश क्रेडिट खाती आहेत, घरे गहाण आहेत, आणि भावाच्या, साडूच्या किंवा मित्राच्या कर्जाला आपण जामीन राहिलेलो आहोत. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे आपला १८७२ चा करार कायदा सांगतो. माणूस गेला तरी त्याच्या हयातीतील देणे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. मग ज्या विम्यावर त्याने भिस्त ठेवली, तो पैसाही अशा वादात अडकला तर?

यावर उपाय दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १८७४ चा कायदा, कलम ६. पतीने स्वतःच्या आयुष्यावरील पॉलिसी पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या लाभासाठी या कलमाखाली घेतली, तर ती पॉलिसी त्यांच्यासाठी केलेला विश्वस्त-निधी ठरते. ती पतीच्या मालमत्तेचा भाग राहत नाही, आणि त्याच्या सावकारांचा तिच्यावर हक्क पोहोचत नाही. प्रारंभी हा कायदा हिंदू, जैन, शीख आदी समाजांना लागू नव्हता. पुढे दुरुस्ती होऊन आपल्या भागात १ एप्रिल १९२३ पासून हे कलम या समाजांनी घेतलेल्या पॉलिसींना लागू झाले, आणि त्या तरतुदीत जैन समाजाचा नावानिशी उल्लेख आहे. शंभरहून अधिक वर्षे हा अधिकार आपल्याला उपलब्ध असून तो वापरणारी घरे मोजकीच आहेत.

यासाठी जादा हप्ता पडत नाही. पॉलिसी घेतानाच प्रस्तावाबरोबर एक पुरवणी-पत्र भरावे लागते. जुन्या चालू पॉलिसीला ही तरतूद मागाहून जोडता येत नाही. लाभार्थी म्हणून पत्नी व मुलेच ठेवता येतात, आई-वडील नाहीत. विश्वस्त म्हणून पत्नी किंवा अन्य विश्वासू व्यक्ती नेमावी. एकदा असे केल्यावर त्या पॉलिसीवर पतीला मनास येईल तसे कर्ज काढता येत नाही किंवा ती मोडता येत नाही. हे बंधन हाच तिचा गुण. मात्र सावकारांना फसवण्याच्या हेतूने कोणी हा मार्ग घेतला, तर पॉलिसीच्या रकमेतून आपले देणे वसूल करण्याचा त्यांचा हक्क कायद्याने राखलेला आहे. प्रामाणिक देणे चुकवण्यासाठी हे साधन नाही. जे देणे आहे, ते फेडण्यासाठी विम्याच्या हिशेबात कर्जाची रक्कम वेगळी धरावी, तिच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी, आणि घराच्या उदरनिर्वाहाची पॉलिसी या कलमाखाली ठेवावी. बँकेमार्फत घेतलेला कर्ज-विमा बँकेचे कर्ज फेडतो. स्वयंपाकघर चालवत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

नामनिर्देशनाविषयीही एक गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले यांना नामनिर्देशित केल्यास लाभाचा हक्कही त्यांनाच देण्याची तरतूद केली. परंतु तिचा मेळ वारसा कायद्याशी कसा घालावा, यावर उच्च न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. म्हणून इच्छापत्र करून ठेवावे. लग्नापूर्वीच्या पॉलिसीवर आईचे किंवा वडिलांचे नाव असते. लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही. आईचा मान राखूनच, घरात सर्वांसमक्ष बोलून, ही नोंद योग्य तशी करावी. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचेही नाव द्यावे.

गृहिणीच्या हाती वही

शेवटी गांधीजींच्या दुसऱ्या सूत्राकडे येतो. विम्याने कुटुंब दुबळे होऊ नये. एक कोटीचा धनादेश हाती आलेल्या, पण आजवर बँकेत एकटी कधी न गेलेल्या भगिनीची अवस्था कल्पून पाहावी. सल्ला देणारे दहा जण येतील, उसने मागणारे वीस जण येतील. रकमेइतकेच ज्ञान आवश्यक आहे. म्हणून प्रत्येक घरात एक वही असावी. तीत पॉलिसी क्रमांक, कंपनी, रक्कम, हप्त्याची तारीख, बँक खाती, ठेवी, देणी, येणी आणि कोणाच्या कर्जाला आपण जामीन आहोत, हे सारे लिहिलेले असावे. ती वही पतीने पत्नीसमोर बसून लिहावी. दावा न केल्यामुळे विमा कंपन्यांकडे पडून राहिलेली रक्कम दहा वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. वारसांना पॉलिसीची माहितीच नसणे, हे त्यामागचे एक मोठे कारण असते.

आपल्या घरांतील सुना आज पदवीधर आहेत, संगणकावर दुकानाचे हिशेब ठेवतात. त्यांना घराच्या देण्याघेण्यापासून दूर ठेवण्याचे काही कारण उरलेले नाही. तरुण बंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, आज रात्री घरी गेल्यावर दोघांनी मिळून एक कागद घ्यावा आणि गरजेचा हिशेब मांडावा. जो आकडा येईल, त्याच्याशी आपल्या सध्याच्या पॉलिसींची बेरीज ताडून पाहावी. अंतर दिसले तर ते लवकर भरून काढावे, कारण वय वाढते तसा हप्ता वाढतो आणि आरोग्य कोणाची वाट पाहत नाही.

ज्येष्ठांना विनंती की, मुलाने असा विषय काढला तर ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून त्याला थांबवू नये. तो आपल्या नातवंडांचीच व्यवस्था करतो आहे.